तापमानाचा रकाना

मालू,

रेवाचा मेलबर्नहून फोन आला होता. तिला कॉलेजात घरातल्या एका माणसाविषयी लिहायचं आहे आणि तिनं तुला निवडलं आहे. "आजी, मालूआजी पुलांचं नक्की काय करायची ते सांग ना. आणि ती कशी होती तेही." पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दोन पानांत लिहून पाठवलं. दुसऱ्यासाठी चार दिवस बसले. दर वेळी 'मालू अतिशय प्रामाणिक होती' या वाक्यापाशी येऊन हात थांबला. मी पस्तीस वर्षं मुलींचे इंग्रजीचे निबंध तपासले आहेत. कुठलं वाक्य नुसतं सवयीनं उतरलं आहे ते मला कळतं. शेवटी तो कागद बाजूला ठेवला आणि हे तुलाच लिहायला घेतलं. रेवा आणि अर्णव वाचतील. माझ्या या दोन नातवंडांना मराठी सावकाश वाचता येतं, म्हणून मीही सावकाश लिहिते.

तुला जाऊन दोन महिने होत आले. यंदा दिवाळी केली नाही. तुझ्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडेच आहे. रोज सकाळी वर जाऊन खिडक्या उघडते, संध्याकाळी लावते. पहिले पंधरा दिवस तिथं जाऊन रडत असे. आता भांडते.

आधी जे तुझं आहे ते तुला देते. हे गेले त्या वर्षी मी घरातून बाहेर पडणं सोडलं होतं. सकाळी पेपर घ्यायचा आणि त्यातल्या चुकांखाली लाल रेघा ओढायच्या, एवढाच माझा दिवस. तू एकदा दार वाजवत आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "ताई, ऊठ. बूट घाल. माझी मदतनीस लग्न करून पुण्याला गेली. तुला घड्याळ कळतं, अक्षर चांगलं आहे आणि तू कुणाचं ऐकत नाहीस. मला असंच माणूस पाहिजे."

"मला पुलातलं काय कळतं?"

"कळू नये म्हणूनच तर नेतेय. कळणारे सगळे मला शिकवायला लागतात."

अशी मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तुझी निरीक्षक झाले. अकरा वर्षं आपण जिल्हाभर हिंडलो. नामपूरकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे, ओझरच्या बाजूला, पेठच्या घाटात. डिकीत तुझी यंत्रं, मागच्या सीटवर माझ्या वह्या आणि चहाचा थर्मास. लोक विचारायचे, मॅडम, सर्वे आहे का, रस्ता रुंद होणार का. तू म्हणायचीस, "नाही हो, आम्ही दोघी बहिणी सहलीला आलोय."

रेवासाठी पुन्हा लिहिते, तू कंटाळू नकोस. पुलावरून ट्रक गेला की पूल हलतो. ट्रक उतरून गेल्यावरही तो काही क्षण थरथरत राहतो. ती थरथर सेकंदाला किती वेळा होते, हे त्या त्या पुलापुरतं ठरलेलं असतं. पूल आतून ढिला झाला की ती संख्या खाली येते, बाहेर भेग दिसायच्या कितीतरी आधी. काडेपेटीएवढी यंत्रं तू मेणानं पुलाला चिकटवायचीस आणि लॅपटॉपवर थरथरीची रेघ उमटायची. मोजणी खात्रीची व्हावी म्हणून वजन केलेला भरलेला ट्रक एका ठरावीक वेगानं तीनदा न्यायचा. दर खेपेची वेळ आणि बाकीचं सगळं मी तक्त्यात लिहायची. पहिल्याच दिवशी तू माझा तळहात कठड्यावर दाबून धरला होतास. ट्रक गेला आणि ती बारीक थरथर माझ्या कोपरापर्यंत चढली. तुझे डोळे तेव्हा लहान मुलीसारखे झाले होते. त्या वर्षात मला पहिल्यांदा काहीतरी जाणवलं, मालू. ते तू दिलंस. ते मी कधी नाकारणार नाही.

त्यातला तुझा सगळ्यात लाडका पूल घोटीकडे जाताना आत वळल्यावर लागतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साधा, जुना, तीन गाळ्यांचा पूल. त्याची दुरुस्ती तुझ्या देखरेखीखाली झाली होती. जुन्या तुळयांभोवती नव्या काँक्रीटचा थर, नव्या सळ्या, वर नवा रस्ता. दुरुस्तीनंतरची पहिली मोजणी पावसाळा सरल्यावर, ना थंडी ना ऊन अशा दिवशी झाली. आकडा इतका चांगला आला की तू ट्रक ड्रायव्हरला आपल्या डब्यातले दोन लाडू दिलेस. तो म्हणाला, "मॅडम, एकाच पुलावरून तीन वेळा जाऊन परत आलो. गावात सांगतील याची बायको माहेरी गेली, हा फिरतोय येड्यासारखा." तू हसून हसून कठड्याला टेकलीस.

पुलापलीकडच्या पहिल्या घरात हिराबाई राहते. ती आपल्याला नागलीची भाकरी आणि ठेचा द्यायची आणि वर चिडवायची. "दोघी म्हाताऱ्या पुलाला हात लावून बसत्यात. पूल काय पळून जातोय व्हय?" तिचा मुलगा भाताचा टेम्पो चालवतो. नात पुलाअलीकडच्या शाळेत जाते. गावाला बाहेर पडायला तो एकच रस्ता. नाहीतर डोंगराला मोठा वळसा.

मग ती गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली सकाळ. मला ती वहीशिवायही आठवते. आपण अंधार फिटता फिटता निघालो. नदीवर धुकं होतं, पलीकडचं टोक दिसत नव्हतं. तू माझी शाल कानाला गुंडाळली होतीस. ट्रक तीनदा गेला. तू लॅपटॉपकडे बघितलंस आणि ड्रायव्हरला म्हणालीस, पुन्हा. मग पुन्हा. सात खेपा झाल्या. अकरा वर्षांत आपण कधी सात खेपा केल्या नव्हत्या. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "यंत्राला थंडी वाजतेय."

त्या दिवशी तक्ता तूच भरला होतास, तो माझ्यापुढे धरलास. "सही कर, ताई."

"तापमानाचा रकाना मोकळा आहे."

"तो मी भरते. रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान वेगळं घ्यायचं असतं. ती तापमापी गाडीत आहे."

"तारीख-वेळही लिहायची राहिली आहे."

"अगं, यंत्रात असते ती, बघून भरते."

"मोकळ्या रकान्याखाली मी सही करत नाही."

"मग शाळेत जा तुझ्या. माझी बोटं गोठलीत इथं."

मी हसले आणि सही केली. शाळेत एक रकाना मोकळा सोडला म्हणून मी मुलींना पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायची. त्या दिवशी तुला थंडी वाजत होती म्हणून मी सही केली. परतताना घोटीला चहाला थांबू म्हटलं तर नको म्हणालीस. हिराबाईची भाकरीही तशीच फडक्यात राहिली. मला वाटलं, तुला ताप येणार.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तू वरून फोन केलास. एका जिन्याचं अंतर, तरी फोन. "ताई, एक वाक्य दे. संख्या थोडी उतरली आहे, पण उन्हात पूल जरासा नरम होतोच, तेव्हा त्यात काळजीचं काही नाही. हे इंग्रजीत नीट कसं लिहू?" मी विचारलं, कुठल्या पुलाचं? "असंच गं, विद्यार्थ्यांच्या टिपणासाठी." मी तुला वाक्य दिलं. त्यात अर्धविराम कुठे द्यायचा तेही सांगितलं. तुला अर्धविराम कधीच जमला नाही.

आपला 'समाधानकारक' या शब्दावरचा वादही राहून गेला. मी म्हणायची, हा शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. कुणाचं समाधान, कशानं? तू म्हणायचीस, "ताई, अहवाल ही कविता नाही. वाचणाऱ्याला झोप लागली पाहिजे." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आणि मग हॉस्पिटल. शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. माझा हात धरून म्हणालीस, "ताई, तुझ्या त्या जुन्या वह्या रद्दीत दे आता. धूळ साचते. तुला दम्याचा त्रास आहे." माझे डोळे भरून आले. बाहेर येऊन मी सिस्टरना कौतुकानं सांगितलं, बघा, या अवस्थेतही तिला माझ्या दम्याची काळजी.

त्या सिस्टरना भेटून ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं.

तेराव्यानंतर मी तुझी कपाटं आवरायला घेतली. तुझ्या फायली मी वर्षांप्रमाणे लावत होते. त्या पुलाचा शेवटचा अहवाल हातात आला आणि मी सहज उघडला. पहिल्याच पानावर माझा अर्धविराम. 'आढळलेली घट अल्प आहे; ती दुपारच्या उष्णतेशी सुसंगत आहे.' इंग्रजीत ते वाक्य फार देखणं दिसतं. पुढच्या पानावर तक्ता. वेळ दुपारची. तापमानाच्या रकान्यात तुझ्या हातचा आकडा, भर उन्हाळ्याचा. महिनाही उन्हाळ्याचा. खाली निरीक्षक म्हणून माझी सही.

मला वाटलं, मीच विसरले असेन. उन्हाळ्यात दुसरी मोजणी झाली असेल. खाली येऊन वही काढली. मी माझी वही वेगळी ठेवते हे तुला माहीत होतं. 'सकाळी सव्वासात. धुकं. मालूच्या खिशातल्या तापमापीवर नऊ. ट्रक सात वेळा.' पुढे सातही खेपांच्या वेळा, सेकंदांसकट. तक्त्यातल्या खेपाही सात. सेकंद तेच. तास तेवढे बदललेले.

थंडीत पूल ताठ होतो, हे तूच मला शिकवलंस. म्हणजे त्या सकाळी संख्या वर यायला हवी होती. ती खाली आली होती. उन्हाच्या दुपारी तेवढी घट चालून गेली असती. नऊ अंशाला तिचा अर्थ एकच होता, आणि तो तुला सातव्या खेपेच्या आधीच कळला होता.

तुझी बाजू मी पुष्कळ वेळा मांडून बघितली. ट्रक बंद केले तर गाव अडकतं. दुरुस्ती तुझी, म्हणजे दोष तुझाच निघाला असता, सेवानिवृत्तीनंतर, सगळ्यांसमोर. त्याच महिन्यात तुझ्या आजाराचे पहिले रिपोर्ट आले होते, ते मला पुढे कळलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तू दोन ठिकाणी 'पुन्हा मोजणी?' असं लिहिलं आहेस. त्या प्रश्नचिन्हाचा फायदा मी तुला देते. पण दोन पावसाळे गेले, मालू. दोन्ही पावसाळ्यांत हिराबाईची नात त्यावरून शाळेत गेली.

खोटं लिहिलंस ते लिहिलंस. पण त्यासाठी माझा हात वापरलास, माझं इंग्रजी वापरलंस. तुला पकडू शकेल असं जगात एकच माणूस होतं, त्याला तू गोड बोलून सही करायला लावलीस आणि जाता जाता त्याच्याकडून पुरावाही रद्दीत घालायला निघालीस. मला विचारलं असतंस तर? त्याच जिन्यानं खाली येऊन, ताई, माझी दुरुस्ती फसली, एवढं म्हणाली असतीस तर मी तुला जवळ घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघी रस्ते खात्याच्या ऑफिसात गेलो असतो. तू मला ओळखत नव्हतीस का? की ओळखत होतीस म्हणूनच आली नाहीस?

मी शिरसाठांना बोलावलं. तुझे कॉलेजातले जुने विद्यार्थी, ते आता त्या रस्त्यांचे इंजिनीअर आहेत. तेराव्याला आले तेव्हा तुझ्या फोटोसमोर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "मॅडमनी मला दोनदा नापास केलं म्हणून आज माझे पूल उभे आहेत." मी त्यांच्यापुढे अहवाल आणि वही शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. चहा गार झाला.

"ताई, मॅडम आता नाहीत. हे आता काढायचं म्हणजे…"

"तुम्ही त्या पुलावरून जाता का?"

"माझी सासुरवाडी पलीकडेच आहे."

"मुलांना घेऊन?"

वहीवर हात ठेवून ते म्हणाले, "अहवाल आला तेव्हा वाटलं होतं काहीतरी. त्या महिन्यात पूल मोजला असता तर मला कळलं असतं, मोजणीसाठी तिथली वाहतूक थांबवायचं पत्र माझ्याच सहीनं जातं. पण मॅडमना विचारायचं म्हणजे… तुम्हाला माहीत आहे ना, त्या कशा बघायच्या."

"मला माहीत आहे. मीही नाही विचारलं."

जाताना दारात म्हणाले, "तुमची सही आहे ताई त्याच्यावर. चौकशी तुमच्याकडेही येईल." मी म्हटलं, येऊ दे. वहीच्या पानांची नक्कल आणि सोबत माझं पत्र त्यांच्याकडे दिलं. पत्रात लिहिलं की मी मोकळ्या रकान्याखाली सही केली. मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते देखणं झालं असतं.

दुसरी माणसं आली, दुसरी यंत्रं आली. त्यांनी सकाळी मोजलं, दुपारी मोजलं. संख्या तुझ्या त्या सकाळपेक्षाही उतरली होती. मधल्या गाळ्याखाली मचाण बांधून त्यांनी तुळईवर हातोडी वाजवली, तर आवाज पोकळ. तुझा नवा थर जुन्या काँक्रीटपासून लांबच लांब सुटला होता. बाहेरून एक भेग नाही. शिरसाठांनी मला ते फोनवर सांगितलं. मग ते म्हणाले, "ताई, मोजणी मात्र मॅडमची अचूक होती." मालू, मला त्या क्षणी तुझा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाही राग आला.

मागच्या आठवड्यात पुलाच्या दोन्ही टोकांना लोखंडी खांब पुरले. फक्त पायी आणि सायकल. नेमकी भाताची काढणी चालू आहे. मी जायलाच हवं होतं, म्हणून रिक्षा ठरवून गेले. पलीकडे टेम्पो आणि अलीकडे ट्रक उभे होते आणि मधल्या पुलावरून बायका-पुरुष डोक्यावर पोती घेऊन ये-जा करत होते. कुणी मला ओळखलं, कुणी नाही. एकजण म्हणाला, "ह्या त्या मॅडमच्या बहीण. बंद करायला ह्यांनीच लावलं म्हणत्यात." दुसरा काही पुटपुटला, ते मला ऐकू आलं पण इथं लिहीत नाही. रेवा, अर्णव, तुम्हाला ते ऐकायची गरज नाही. त्या माणसाला बोलायचा हक्क होता एवढंच समजा.

हिराबाई पुलाच्या तोंडाशी दगडावर दम खात बसली होती. पोतं शेजारी टेकवलेलं. मला बघून उठली नाही.

"या," म्हणाली. "भाकरी नाय आज. सकाळधरनं हेच चाललंय."

"मला भाकरी नको, हिराबाई."

"मालूताई गेल्या म्हणून हे झालं. त्या असत्या तर पूल बंद होऊ दिला नसता. लय जीव होता त्यांचा ह्याच्यावर."

मी घरून ठरवून गेले होते की तुझ्याविषयी काही बोलायचं नाही. गेलेल्या माणसाचं नाव गावात कशाला घालवायचं. शिरसाठांनीही तसंच सुचवलं होतं, नुसतं 'नवीन तपासणीत आढळलं' म्हणा. पण ती वर बघत होती आणि तिच्या कपाळावर पोत्याचा वळ उमटलेला होता. तेव्हा मला कळलं की हो म्हटलं तर तुझ्या तक्त्यात मी आणखी एक रकाना भरून देईन.

"मालूलाच पहिल्यांदा कळलं होतं," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी. त्या धुक्याच्या सकाळी. पूल ढिला झालाय हे तिनंच मोजलं. आकडा तिचाच आहे."

हिराबाईनं ते हळूहळू समजून घेतलं. पुलाकडे बघितलं. तिची नात त्याच वेळी दप्तर पाठीला लावून कठड्याला हात घासत येत होती. ती जवळ आल्यावर हिराबाईनं तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग आम्हाला का नाय सांगितलं त्यांनी?"

हाच प्रश्न मी दोन महिने तुझ्या फ्लॅटमध्ये खिडक्या उघडताना आणि लावताना विचारते आहे. मला वाटत होतं तो माझा एकटीचा आहे.

"मलाही नाही सांगितलं," मी म्हटलं.

हिराबाईनं पोतं पायानं थोडं पलीकडे ढकललं आणि दगडावर माझ्यापुरती जागा केली.